कालवातला खेकडा: प्रकल्पाच्या नोंदी, आचरा खाडी

१९ ऑक्टोबर २०२४

विषय एकदाचा ठरला. सरांनी कपाटातून जुन्या मोनोग्राफची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे वाच, मग बोलू." आवटी आणि राय, १९३१, इंडियन झूऑलॉजिकल मेम्वार्स या मालिकेतला मुंबईच्या कालवावरचा अंक. तेव्हाचं नाव ऑस्ट्रिया कुकुलाटा, आताचं सॅकोस्ट्रिया कुकुलाटा. आपल्याकडे खडकाला चिकटलेलं असतं ते साधं कालव, म्हणजे ऑयस्टर.

बराचसा भाग शरीररचनेचा आहे, आकृत्या सुरेख. पण सरांना दाखवायची होती ती गोष्ट वेगळी. काही कालवांच्या आत एक चिमुकला खेकडा राहतो. असा खेकडा असलेल्या कालवांत त्यांना नर फार आणि माद्या कमी सापडल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा: खेकडा कालवाच्या तोंडचा घास पळवतो, कालव उपाशी राहतं आणि उपासमारीत मादीपण सोडून नर होतं.

कालवाचं लिंग बदलतं, हे वर्गात शिकलो होतो. लहानपणी बहुतेक नर, मोठी झाली की त्यांतली बरीच माद्या, आणि अधूनमधून उलटही. अंड्याला चरबी, प्रथिनं भरपूर लागतात, शुक्रजंतू त्या मानाने स्वस्तात होतात. त्यामुळे खाणंपिणं चांगलं असेल तर मादी, नसेल तर नर, हा हिशोब पटण्यासारखा आहे. पण पटणं आणि दिसणं यांत फरक आहे. प्रकल्प एवढाच: आपल्या खाडीत तसं दिसतं का ते बघायचं.

३ नोव्हेंबर

आज भाऊबीज. अमावास्येला दोन दिवस झालेत, म्हणजे उधाणाचं पाणी. उजाडताना ओहोटी पार खाली गेली होती. घरी ओवाळणीला दुपारी येते सांगून निघाले. बाबा स्कूटरवरून सोडायला आले आणि काठावर बसून राहिले.

खडकावरची कालवं छिन्नीने काढणं म्हणजे वैताग आहे. खालची, वाटीसारखी खोलगट शिंपली खडकाला सिमेंट केल्यासारखी चिकटलेली. वरची चपटी शिंपली तेवढी सुटते, आणि जोर लावला की आतल्या मांसासकट चुरा होतो. कालवं काढणाऱ्या बायका लोखंडी टोच्याने नेमका सांधा गाठतात, वरचं झाकण उडवतात आणि मांस खरवडून डब्यात टाकतात. एका कालवाला काही सेकंद.

त्यांच्यातल्या एका मावशींना खेकड्याचं विचारलं. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही.

"अगो, ता कायमचाच. कुर्ली असली काय कालव पाणचट गावता."

मग त्या कुर्लीचं काय करता?

"काय करतलंव? तेच्यासकटच रांधतंव. दाताखाली कुरकुरीत लागता."

पाणचट हा शब्द वहीत मोठ्या अक्षरांत लिहिला. आम्ही ज्याला 'कंडिशन इंडेक्स' (कालव किती भरलेलं आहे त्याचं माप) म्हणून दोन तास तराजूपुढे बसणार आहोत, ते मावशी बोटाने दाबून सांगतात. निघताना म्हणाल्या, "तुका कुर्ल्यो व्हयेत तर सांग, मी बाजूक काढून ठेवतंय." हो म्हटलं. नंतर वाटलं, नुसते खेकडे घेऊन उपयोग नाही, कोणत्या कालवातला ते कळलं पाहिजे.

४ नोव्हेंबर

प्रयोगशाळेत पहिला खेकडा हाती लागला. मादी. कवचाची रुंदी ९ मि.मी. पांढुरकी, किंचित गुलाबी झाक. कवच इतकं पातळ की आतला पिवळट अंडाशय बाहेरून दिसतो. चिमट्याने धरायची भीती वाटते, म्हणून ब्रशने उचलली. खेकडा म्हटल्यावर पाठीवर जो टणकपणा अपेक्षित असतो, तो औषधालाही नाही. डोळे असून नसल्यासारखे, दोन बारीक ठिपके. पोटाखालची पट्टी, जी नेहमीच्या खेकड्यात मादीला रुंद असते, ती इथे एवढी पसरलेली की खालची सगळी बाजू झाकून टाकते. तिच्याखाली अंड्यांचा नारिंगी लगदा.

पेट्री डिशमध्ये सोडली तर धड चालताही येईना. पाय हलतात, पण अंग जाग्यावरच. पायांच्या टोकाला मात्र वाकडी, अणकुचीदार नखं. चालण्यासाठी नाहीत, धरून बसण्यासाठी आहेत. कालवाच्या कल्ल्यावर, जिथे ती बसली होती तिथली कड झिजलेली आणि दबलेली दिसली. फोटो काढला.

जात ठरवणं सध्या बाजूला ठेवलंय. छापगर यांनी १९५७ मध्ये मुंबई राज्यातल्या सागरी खेकड्यांवर केलेल्या कामात या कुळातली एक नवी जात नोंदवली आहे, पण आमची तीच आहे असं म्हणायची घाई नको. त्यासाठी तोंडाजवळच्या अवयवांची तिसरी जोडी सोडवून स्लाइडवर घ्यावी लागते आणि चारही चालत्या पायांच्या शेवटच्या पेरांची लांबी मोजावी लागते. या कुळात पाठ बघून काहीच कळत नाही, सगळ्याच गोलमटोल. तोवर वहीत 'पिनोथेरिड, आचरा' एवढंच, म्हणजे नुसतं कुळाचं नाव आणि जागा.

१० नोव्हेंबर

वाचन. या खेकड्यांबद्दल जगात सगळ्यात जास्त काम झालंय ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जातीवर. टॉमस से याने १८१७ मध्ये तिचं वर्णन केलं, आजचं नाव झॅऑप्स ऑस्ट्रियस. तिकडच्या मोठ्या कालवात राहते. युरोपात शिनाण्यांसारख्या शिंपल्यांत राहणारी पिनोथेरेस पिसम, न्यूझीलंडमध्ये हिरव्या शिंपल्यात आणखी एक.

अॅरिस्टॉटल लिहून गेला की हा खेकडा पिना नावाच्या शिंपल्याचा पहारेकरी, तो नाहीसा झाला की शिंपला मरतो. पुढे बराच काळ याला 'सहभोजी' म्हणायची पद्धत होती, म्हणजे एका ताटात जेवणारा, यजमानाला ना तोटा ना फायदा. मग स्टाउबर यांनी १९४५ मध्ये आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्याला सरळ परजीवी म्हटलं. कल्ल्यांची झीज बघितल्यावर मलाही तेच पटतं. पहारेकऱ्याने घराच्या भिंती खाल्लेल्या कुठे ऐकल्यात?

१७ नोव्हेंबर

पौर्णिमेनंतरचं उधाण. छिन्नीचा नाद सोडला. खाडीच्या आतल्या बाजूला जांभ्याचे सुटे दगड पडलेत, नारळाएवढे किंवा त्याहून लहान, आणि त्यांवर कालवांचे झुबके. दगडच उचलून आणायचा. टबात ठेवून सावकाश एकेक कालव दोन्ही शिंपल्यांसकट सोडवता येतं.

हे एवढं महत्त्वाचं का, तर पाणचटपणा मोजायला. पद्धत साधी आहे. बंद कालवाचं वजन घ्यायचं, मग उघडून रिकाम्या शिंपल्यांचं. दोन्हीतला फरक म्हणजे आतल्या पोकळीत जेवढं मावतं तेवढं. मांस ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून त्याचं वजन त्या पोकळीशी ताडून बघायचं. धष्टपुष्ट कालव पोकळी भरून टाकतं, रोडावलेल्यात नुसतं पाणी. तुटक्या शिंपल्यांवर हा हिशोब होत नाही, म्हणून ३ तारखेचा सगळा माल या कामाला बाद. खेकड्यासाठी आणि लिंग बघण्यासाठी तेवढा वापरला.

मावशी लांबून बघत होत्या. दगड वाहणारी पोरगी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

१८ नोव्हेंबर

लिंग बघणं. बाहेरून नर-मादी ओळखायची काही सोय नाही. पोटावरच्या मलईसारख्या थरात सुईने टोचायचं, निघेल तो थेंब स्लाइडवर समुद्राच्या पाण्यात सोडायचा. मादी असेल तर थेंब दाणेदार होऊन पसरतो, मायक्रोस्कोपखाली एकेक अंडं सुटं दिसतं, आत केंद्रकाचा फिकट गोल. नर असेल तर दुधासारख्या रेघा पसरतात आणि भिंगाखाली सगळं क्षेत्र थरथरत असतं. काही थेंबांत दोन्ही नाही, नुसतं पाणी आणि पेशींचा कचरा. ही अंडी-शुक्रजंतू सोडून मोकळी झालेली कालवं. यांचं लिंग त्या दिवशी सांगताच येत नाही, आणि गंमत म्हणजे बदलायचं असेल तर ते बहुधा याच काळात बदलतं. म्हणजे आपल्याला हवी असलेली घटना नेमकी या 'माहीत नाही' रकान्यात घडते.

शीटमध्ये तिसरा रकाना केला. 'नर', 'मादी', 'मोकळं'. प्रकल्पातल्या जोडीदाराचं म्हणणं होतं की मोकळी सरळ गाळून टाकू. नाही म्हटलं. खेकडा असलेल्यांत मोकळ्यांचं प्रमाण वेगळं असेल, तर तेही एक उत्तर आहे.

१ डिसेंबर

आज एका कालवात भलताच खेकडा. चपटा, तपकिरी, पाठीवर फिकट डाग, कवच कडक, पायांना पोहायला उपयोगी पडतील असे केसांचे झुपके. रुंदी जेमतेम ३ मि.मी. डिशमध्ये सोडल्याबरोबर तुरूतुरू पळाला. पहिल्या मादीच्या शेजारी ठेवला तर एकाच जातीचे आहेत यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

नर म्हणून लिहिणार होते, पण सर म्हणाले, उलटा करून बघ. या खेकड्यांची तरुणपणी एक 'कडक' अवस्था असते, आणि त्यात नर आणि मादी बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. पोटपट्टी उचलून खालची उपांगं बघितल्याशिवाय सांगू नये. बघितली. नरच निघाला.

अमेरिकन जातीचं आयुष्य क्रिस्टेन्सन आणि मॅक्डरमॉट यांनी डेलावेअर उपसागरात काम करून १९५८ मध्ये सविस्तर मांडलं, ते आज पुन्हा काढून वाचलं. अंड्यातून निघालेली अळी समुद्रात तरंगते. चार झोइया अवस्था, मग मेगालोपा. त्यानंतरची पहिली खेकडा-अवस्था कालवात शिरते, तेव्हा ती जेमतेम दिसेल एवढी असते. आत वाढून ती कडक होते, आणि मग एक विलक्षण प्रकार होतो. नर-माद्या दोघंही आपापली कालवं सोडून बाहेर येतात आणि उघड्या पाण्यात जुगतात. बहुतेक नरांचं आयुष्य तिथेच आटोपतं. मादी मात्र पुन्हा एखाद्या कालवात शिरते आणि मऊ होत जाते. कवच पातळ, पोहायचे केस गेलेले, शरीर फुगलेलं. एकदा साठवलेल्या शुक्रजंतूंवर पुढची वीण. त्या कालवातून ती परत बाहेर पडत नाही.

न्यूझीलंडच्या जातीत नर अंधारात बाहेर पडून मादी असलेला शिंपला शोधतो आणि त्याच्या कडेला हलके हलके गोंजारत राहतो. शिंपला थोडा जास्त उघडला की आत. हे गोंजारणं सरासरी तीन तासांहून जास्त चालतं असं २०१५ च्या निबंधात आहे. माझ्या ३ मि.मी.च्या नराने काय केलं कोण जाणे. ज्या कालवात सापडला त्यात मादी नव्हती.

८ डिसेंबर

खाताना बघायचं होतं. खेकडा असलेल्या कालवाची वरची शिंपली स्नायू कापून अलगद काढली, खालच्या वाटीत कालव तसंच ठेवून वर ताजं समुद्राचं पाणी. कल्ल्यांवरचे सूक्ष्म केस कालव उघडल्यावरही काही तास हलत राहतात. मग ड्रॉपरने थोडी कारमाइन या लाल रंगाची पूड सोडली.

आधी अर्धा तास काहीच नाही, मादी पाय आक्रसून पडून राहिली. दिव्याचा प्रकाश कमी केला. तोवर कल्ल्यांवर लाल कण जमायला लागले होते. पात्यांवरून ते खालच्या कडेला सरकतात, तिथे चिकट द्रवात गुंडाळले जातात आणि कडेच्या बारीक पन्हळीतून लाल दोरी होऊन तोंडाच्या दिशेने वाहतात. कालवाचं जेवण हे असं, दोरीने येतं. मादी कडेवरच बसली होती. तिने एक नांगी खाली केली, दोरीवरून ओढली, नांगीच्या केसांत अडकलेला लाल लपका तोंडाकडे नेला. मग दुसरी नांगी. पुन्हा पहिली. तिच्यापलीकडच्या पन्हळीत लाल रंग जवळजवळ नव्हताच.

ऑर्टन यांनी युरोपच्या जातीत खाण्याची रीत १९२० मध्ये 'नेचर'मध्ये लिहिली होती. वाचलेलं होतं, तरी मोबाइलवर व्हिडिओ काढताना हात थरथरला. व्हिडिओ हललेला आहे. त्यातला बरा तुकडा सरांना पाठवला, त्यांनी रात्री साडेअकराला अंगठा पाठवला.

एक लक्षात ठेवायचं: उघड्या कालवात वरची मांसल कड बाजूला पडते, पाण्याचा प्रवाह नेहमीसारखा नसतो. तेव्हा किती अन्न जातं हे यावरून सांगता येणार नाही. कुठून आणि कसं जातं, एवढंच.

१७ डिसेंबर

सरांशी तासभर वाद. चांगला झाला.

मी आत्तापर्यंतची शीट दाखवली: खेकडेवाली कालवं एका बाजूला, बिनखेकड्याची दुसऱ्या बाजूला, नर-मादी मोजलेले. सर म्हणाले, आकाराचं काय? लहान कालवं बहुतेक नर असतात. खेकडेवाली जर सरासरीने लहान असतील, तर त्यांत नर जास्त दिसणारच, खेकड्याचा त्यात काही हात नाही. मी म्हटलं, पण मऊ मादी मावायला कालव मोठं लागतं, आपली खेकडेवाली उलट मोठीच आहेत. मग तर माद्या जास्त असायला हव्यात. सर म्हणाले, "हे तू बोललीस ते शीटमध्ये कुठे दिसतं?"

दिसत नव्हतं. शिवाय खेकडेवालं कालव रोडावलं तर त्याची वाढही खुंटते, म्हणजे उंचीवरून वय ठरवणंही सरळ नाही. तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: वय, आकार, उपासमार.

ठरलं ते असं. यापुढे जोड्या लावायच्या. खेकडा असलेलं कालव मिळालं की त्याच दगडावरचं, तेवढ्याच उंचीचं, खेकडा नसलेलं शेजारी त्याच्या जोडीला घ्यायचं. तेवढ्या उंचीचं मिळालं नाही तर ती नोंद जोडीत धरायची नाही. एका दगडावर पाणी, चिखल, ऊन सारखंच असतं, त्यामुळे निदान खाण्याच्या फरकाचा एक भाग तरी कटतो. वयाचा प्रश्न उरतो. शिंपलीवरच्या वाढीच्या रेषा या जातीत इतक्या वेड्यावाकड्या आहेत की त्यांवर विसंबायची माझी तयारी नाही.

१ जानेवारी २०२५

थर्टी फर्स्टच्या पर्यटकांनी मालवण फुललंय, खाडीच्या आत मात्र शुकशुकाट. दगड, टब, वजनं, थेंब. नोंदी शीटमध्ये.

१५ जानेवारी

संक्रांतीचे तिळगूळ मावशींना दिले. त्यांनी बदल्यात डबाभर कालवं दिली, ती मी खाल्ली, मोजली नाहीत.

मावशींचं एक निरीक्षण: खेकडे खालच्या अंगाच्या, जास्त वेळ पाण्याखाली राहणाऱ्या कालवांत जास्त मिळतात, वरच्या खडकावरच्यांत क्वचित. म्हणजे दगड कोणत्या पातळीवरचा आहे हेही लिहायला हवं. आजपासून प्रत्येक दगडाला 'वरचा', 'मधला', 'खालचा'. जोड्या एकाच दगडावरच्या असल्यामुळे आधीच्या नोंदी वाया जात नाहीत, हे बरं.

३१ जानेवारी

एका कालवात दोन खेकडे: मोठी मऊ मादी आणि तिच्या शेजारी कडक नर. दोघांना एकत्र अल्कोहोलमध्ये ठेवलं, एकच क्रमांक.

कल्ल्यांची झीज तीन पायऱ्यांत लिहायला सुरुवात केली: नाही, कडेपुरती, पातं तुटलेलं. मोठ्या माद्या असलेल्यांत तिसऱ्या पायरीची बरीच. कडक अवस्थेतला खेकडा असलेल्यांत झीज जवळजवळ नाहीच, तो आत आलेला अलीकडचाच असणार.

१४ फेब्रुवारी

अर्धवट हिशोब. जोड्या अजून पंचवीसही भरलेल्या नाहीत. यावर टक्केवारी काढणं म्हणजे स्वतःची फसवणूक, म्हणून काढलेली नाही. पण डोळ्यांना जे दिसतं ते लिहून ठेवते. सुकं मांस: बहुतेक जोड्यांत खेकडेवालं कालव हलकं. यात मावशी जिंकल्या. लिंग: खेकडेवाल्यांत नर जास्त आहेत खरे, पण 'मोकळी'सुद्धा जास्त आहेत, आणि ती कोणत्या बाजूला जातील यावर सगळं उत्तर फिरू शकतं.

अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्यावर झालेल्या आणि १९९९ मध्ये छापलेल्या अभ्यासातही खेकड्यामुळे कालवाच्या जननग्रंथीच्या वाढीवर वाईट परिणाम होत असल्याचं दिसलं होतं. म्हणजे आवटी-राय यांना दिसलेली गोष्ट निव्वळ योगायोगाची नसावी. पण त्यांचं स्पष्टीकरण, खेकड्यामुळे कालव नर होतं, ते मेलेल्या कालवांची रास मोजून सिद्ध होणार नाही. मी कितीही जोड्या लावल्या तरी प्रत्येक कालव मला आयुष्यात एकदाच भेटतं, आणि भेटतं तेव्हाच मरतं. बदललं म्हणायला एकच कालव दोनदा बघायला हवं.

२ मार्च

जिवंत कालव न मारता उघडायची युक्ती सापडली. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. समुद्राचं आणि गोडं पाणी मिसळून त्यात ते विरघळवायचं आणि कालवं बुडवून ठेवायची. मॅग्नेशियममुळे शिंपल्या मिटणारा स्नायू सैल पडतो, कालव आपोआप आ वासतं. टॉर्च मारून आत खेकडा आहे का ते दिसतं, आणि बारीक सिरिंजने पोटातला थेंबही घेता येतो. नंतर स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवलं की काही तासांत पुन्हा मिटतं. संवर्धन केंद्रांतून लिंग बघायला अशा पद्धती वापरतात.

पहिल्या खेपेस सगळी उघडली नाहीत. काही हट्टी, काही चिखलाने गच्च भरलेली. आधी घासून धुवायला हवीत, आणि एक रात्र पाण्याबाहेर ठेवली तर बुडवल्यावर लवकर उघडतात.

१६ मार्च

होळीनंतरचं उधाण. प्रयोग मांडला. जाळीचे ट्रे, प्रत्येक कालवाला शिंपलीवर गोंदाने चिकटवलेला प्लास्टिकचा क्रमांक. तीन गट: खेकडा आहे तसाच ठेवलेली, खेकडा चिमट्याने काढून टाकलेली, आणि मुळात खेकडा नसलेली पण तशीच उघडून चिमटा आत घालून परत मिटू दिलेली. तिसरा गट यासाठी की चिमटा घालण्याचा त्रास सगळ्यांना सारखा व्हावा. तिन्ही गटांतल्या प्रत्येकाचा थेंब घेऊन आजचं लिंग लिहिलंय. काढलेले खेकडे कवच मोजून अल्कोहोलमध्ये.

ट्रे खालच्या पातळीवर, मावशींच्या भावाच्या वहिवाटीतल्या खुंट्यांना बांधले. त्यांनी भाडं घेतलं नाही, पण मेच्या शेवटी ट्रे काढून न्या म्हणाले, पावसात खाडीला ओढ असते आणि खुंट्याही राहत नाहीत. माझा हिशोब पावसानंतरपर्यंतचा होता, कारण एक वीण सरून दुसरी भरेपर्यंत बदल दिसणार नाही. पाऊस पडला की इथलं पाणी गोडं होतं ते वेगळंच.

सरांना फोन केला. मे अखेर ट्रे उचलून कॉलेजच्या टाकीत आणायचे, तिथे खारटपणा आपल्या हातात. टाकीत खाणं काय घालायचं आणि तिन्ही गटांना सारखं कसं पोचवायचं, हे एप्रिलच्या आत ठरवायचं आहे. शैवाल वाढवायला उद्यापासून बाटल्या लावते.